बाळाच्या वेळेने निघा

एप्रिल लागला की मला एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी दरवर्षी वेगळी. कधी भाची, कधी शेजारची सून, कधी बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर आलेली ऑफिसातली मुलगी. प्रश्न मात्र तोच. "बाळाला घेऊन गावी जातोय. उन्हाचं काय करू? क्रीम कोणतं लावू?"

मी डॉक्टर नाही. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या गोतावळ्यात पाच बाळं आली आणि त्यातली चार ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे बालरोगतज्ज्ञांच्या दारात बसून ऐकलेलं, नंतर घरी येऊन वाचलेलं आणि प्रवासात पाहिलेलं असं बरंच काही साठलं आहे. म्हणून मीही ठरलेला उलटप्रश्न करते. "क्रीमचं नंतर बघू. निघताय किती वाजता?"

यावर पलीकडे जरा शांतता होते. मग उत्तर येतं, "ते अजून ठरलं नाही. म्हणजे... ते लोक ठरवतील."

हे "ते लोक ठरवतील" मला उन्हापेक्षा जास्त त्रास देतं. आजचं लिहिणं त्याबद्दलच आहे. पण त्याआधी उन्हाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मुद्दा अधांतरी राहील.

आपल्याकडे बाळांचे बहुतेक मोठे प्रवास नेमके चैत्र-वैशाखात येतात. शाळांना सुट्ट्या असतात, मोठ्यांच्या रजा जुळतात. माहेरी झालेलं बाळंतपण आटोपून लेक सासरी निघते. कुणाचं जावळ असतं, कुणाचं कुलदैवताला पहिलं दर्शन. चैत्रात ज्योतिबाची यात्रा, सप्तशृंगीची यात्रा. आणि लग्नं तर विचारूच नका. थंडीत ज्यांना घराबाहेर काढलं नाही, अशी तीन-चार महिन्यांची बाळं वर्षातल्या सगळ्यात कडक दोन महिन्यांत महाराष्ट्र पालथा घालतात.

मोठ्या माणसाला उन्हाचा त्रास व्हायला लागला की तो काय करतो? घाम गाळतो, पाणी मागतो, उठून सावलीत जाऊन बसतो. तान्ह्या बाळाला यातलं एकही धड जमत नाही. घाम येण्याची व्यवस्था अजून पक्की झालेली नसते. वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे बाहेरची उष्णता चटकन आत जाते. कातडी पातळ. आणि मागता येत नाही. रडता येतं, पण त्या रडण्याचा अर्थ आपण "भूक लागली असेल", "दृष्ट लागली असेल", "पोट दुखत असेल" असा लावत बसतो.

"आमचं बाळ सावळंच आहे, त्याला काय होतंय उन्हानं" असंही ऐकलंय. सावळा रंग कातडी भाजण्यापासून काही प्रमाणात वाचवतो, हे खरं. उष्णता मात्र रंग बघत नाही.

इथेच क्रीमच्या प्रश्नाची गंमत आहे. तो प्रश्न बहुतेक वेळा परदेशी लेख वाचून आलेला असतो. तिथे बावीस-पंचवीस अंशांच्या छान हवेत समुद्रकिनाऱ्यावर कातडी भाजते, म्हणून त्यांची पहिली काळजी भाजण्याची. आपल्याकडे अकोल्याला नाहीतर जळगावला पारा ४४ वर असतो, तेव्हा पहिली काळजी बाळ तापण्याची असायला हवी. आणि त्या लेखांतही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम हा पहिला उपाय सांगितलेला नसतोच. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते की सहा महिन्यांपर्यंत बाळाला थेट उन्हात नेऊच नये. सावली आणि अंगभर सैल कपडे हाच उपाय. सावली मिळणारच नसेल तर चेहरा, हातांची पाठ अशा उघड्या जागी अगदी थोडं क्रीम चालेल. म्हणजे क्रीम ही शेवटची पळवाट आहे. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइडवालं क्रीम डॉक्टरांना विचारून जरूर लावा. पण क्रीमने ऊन कमी भाजतं, उकडायचं काही थांबत नाही.

आता आपल्या घरच्या उपायांकडे येऊ. आपल्याकडे बाळाच्या बाबतीत खरी भीती उन्हाची नसतेच. ती वाऱ्याची असते. "कान बांधले का? वारा लागेल हं!" भर मे महिन्यात लोकरीचं टोपडं, त्यावर दुपटं, पायात मोजे, हातात मोजे, आणि हे सगळं गाठोडं आईच्या पदराखाली. आईचं अंग ३७ अंश, बाहेर ४२. त्या गाठोड्यातून उष्णता बाहेर पडणार कुठून? बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे बरीचशी उष्णता तिथूनच जाते. तीच वाट आपण लोकरीने बंद करतो. ज्या आजीने ते टोपडं विणलं तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ते टोपडं डिसेंबरात घाला. मे महिन्यात पातळ सुती झबलं, सावली पडेल अशी काठाची सुती टोपी आणि सावलीत आल्यावर टोपीही काढून टाकायची. मऊ झालेल्या जुन्या धोतराची नाहीतर साडीची दुपटी याच्यापेक्षा चांगली वस्तू दुकानात मिळत नाही. पिशवीत कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. बाळाला त्याचा उपयोग नाही, पण रात्री भाजीला होईल.

दुसरी सवय म्हणजे झाकून टाकणं. बाबागाडीवर किंवा मांडीवरच्या बाळावर चादर टाकली की आपल्याला वाटतं झाली सावली. सावली होते, पण आतली हवा कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये बाबागाड्यांवर प्रयोग करून दाखवलं की कोरडं मलमलचं कापड टाकलं की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं. तेच कापड ओलं करून टाकलं आणि जोडीला छोटा पंखा लावला तर ते पाच अंशांच्या आसपास उतरतं. विदर्भातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, कारण हा तर आपला कूलरच झाला! वाळ्याच्या ताट्या भिजवून दुपार काढणाऱ्यांना हे शास्त्र कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. कापड बाळाच्या तोंडावर येता कामा नये, हवा खेळती हवी. आणि कूलर जसा नागपुरात चालतो तसा मुंबईत चालत नाही, तसंच याचंही आहे. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे गारवाही येत नाही.

म्हणूनच कोकण-मुंबईकडच्यांनी "आमच्याकडे कुठे ४५ होतं" म्हणून निवांत राहू नये. हवामान खातं मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू करतं, किनारपट्टीला ३७ पासूनच. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी दहाहून जास्त माणसं उष्माघाताने गेली. ती मोठी माणसं होती, त्यांना पाणी मागता येत होतं. आणि हो, बातमीत सांगतात ते तापमान सावलीतलं असतं. पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापीवरचं. डांबरी रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभ्या असलेल्या बाईच्या कडेवरचं बाळ त्या पेटीत नसतं.

गाडीचं सांगते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा-अकरा अंशांनी चढू शकतं. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. म्हणून "पटकन पाणी घेऊन येतो, तो झोपलाय, राहू दे गाडीत" हे वाक्य कधीही, कुणीही, कुठल्याही ढाब्यावर उच्चारायचं नाही. गाडीत बसायच्या आधी चारही दारं उघडून कोंडलेली वाफ जाऊ द्यायची, बाळाच्या सीटचं बक्कल हाताने चाचपून बघायचं, मग बाळाला बसवायचं. काचांवरच्या काळ्या फिल्मवर २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, तेव्हापासून काच आपल्याला वाचवेल ही आशा सोडायची आणि बाळाची बाजू उन्हाकडून सावलीकडे न्यायची. हिशेब सोपा आहे. पुण्याहून कोल्हापूरला सकाळी निघालात तर ऊन डाव्या हाताला, दुपारनंतर उजव्या. येताना उलट. एसटीतही सीट घेताना हा हिशेब करता येतो. कंडक्टरला सांगितलं तर तो बहुधा हसतो, पण सीट बदलून देतो.

आणि पाणी. "एवढं ऊन आहे, दोन चमचे पाणी पाज गं त्याला." प्रवासात हे वाक्य शेजारच्या सीटवरूनसुद्धा येतं. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, कडक उन्हाळ्यातही वरून पाणी नको. दुधात भरपूर पाणी असतंच, आणि प्रवासातल्या पाण्याचा भरवसा नाही. बाळाला जास्त वेळा पाजायचं, आणि पाणी प्यायचं ते आईने. सहप्रवाशांनी बाळाच्या तोंडाशी चमचा नेण्यापेक्षा आईच्या हातात पाण्याची बाटली द्यावी. पण आई पाणी पीत नाही. का पीत नाही? वाटेत स्वच्छ बाथरूम मिळेल याची खात्री नसते म्हणून. आणि चारचौघांत पाजायला आडोसा नसतो म्हणून बाळही उपाशी. एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष केले ही महामंडळाची फार चांगली कल्पना. बाळासाठी रायगडचा कडा उतरलेल्या बाईचं नाव दिलंय त्याला. माझं सांगणं एवढंच की तो कक्ष कुठे आहे ते विचारा, कुलूप असेल तर चावी मागा, न लाजता मागा. मागणाऱ्या वाढल्या की कुलपं उघडी राहतात.

एवढं सगळं लिहिल्यावर आता मुद्द्यावर येते. टोपी, कापड, सीटची बाजू, ओली मलमल, हे सगळं मिळून जेवढं काम करतं त्यापेक्षा जास्त काम एक गोष्ट एकटी करते. वेळ. बारा वाजताचं ऊन आणि साडेसहाचं ऊन या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

मे महिन्यात तर आपल्याकडे सावली अक्षरशः नाहीशी होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस पुण्यात १३-१४ मेला असतो, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमाराला. त्या दिवसांत भरदुपारी भिंतीची, खांबाची, बसची, कशाचीच सावली पडत नाही. उभं राहायचं कुठे? आणि आपण लग्नाचा मुहूर्त कधीचा धरतो? दुपारी बारा-साडेबाराचा! अभिजित मुहूर्त म्हणजे तर खरोखरीच मध्यान्ह. सूर्य माथ्यावर असतानाची वेळ सगळ्यात शुभ मानायची आणि त्या वेळेला पोचण्यासाठी दहा-अकराला घर सोडायचं. म्हणजे प्रवासही उन्हात आणि मांडवही उन्हात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीचं सासर अकोल्याचं. बाळ तीन महिन्यांचं. सत्तरेक किलोमीटरवरच्या एका गावात चुलतदिराचं लग्न, मुहूर्त बारा पंचवीसचा. मी आदल्या दिवशी मुक्कामाला होते. रात्री बेत ठरला, ट्रॅव्हलर साडेनऊला निघणार. साडेनऊ म्हणजे अकरा, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाची म्हणाली, "मी पहाटे पाचला निघते, नाहीतर संध्याकाळी स्वागत समारंभाला येते." बास! मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, "आमची काय मुलं नव्हती? आम्ही नाही बाई कधी अशी वेगळी गाडी मागितली." सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील, मोठी सून मुहूर्ताला नाही." जावईबापू फोनमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाजेवरून आजेसासूबाई बोलल्या. वय ऐंशीच्या पुढे. "आमी त रातीच निंगो बंडीनं. दिवसा बैलालेही ऊन लागते, मंग लेकराले नाही लागत काय?"

विषय संपला. पहाटे पावणेपाचला भाची, बाळ, जावईबापू आणि स्वतः आजेसासूबाई छोट्या गाडीने निघाल्या. साडेसहाला पोचल्या. लग्नघरच्या मातीच्या खोलीत वाळ्याचा पडदा होता, तो भिजवला, आणि बाळ दिवसभर तिथे पाय ताणून झोपलं. ट्रॅव्हलर एक वाजता पोचली. मुहूर्त थांबला होता, तो नेहमीच थांबतो.

त्या म्हातारीचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं आहे. कारण "आमची मुलं नाही का वाढली?" या ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. हो, वाढली. पण तुम्ही रात्री निघत होता! उन्हाळ्यात बैलगाड्या रातच्या गारव्यात चालायच्या, दिवसा झाडाखाली सुटायच्या. दुपारी बाळंतिणीच्या खोलीत काळोख असायचा, भिंती जाड मातीच्या असायच्या. सव्वा महिना बाहेर काढायचं नाही हा नियम होता, त्यातला सोवळ्या-ओवळ्याचा भाग सोडून द्या, पण बाळाला भट्टीत न्यायचं नाही हेही त्यातून आपोआप साधत होतं. आपण परंपरेतलं टोपडं ठेवलं आणि रात्रीचा प्रवास टाकून दिला. मोटार आली, तिला ऊन लागत नाही, आणि आपण समजलो की बाळालाही लागत नाही.

प्रशासनालाही हे कळतं. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला तेव्हा तिथे कलम १४४ लावलं गेलं आणि खासगी शिकवणी वर्गांना भरदुपारच्या वेळा बदलायला सांगितलं. उन्हावरचा मोठा उपाय म्हणजे वेळापत्रक, हे सरकारी कागदावर येऊ शकतं. घरात मात्र तीच गोष्ट सुनेने सांगितली की ती नखरेल ठरते, "आजकालच्या मुलींना सगळं गूगल सांगतं" असं ऐकून घेते. वेळ बदलणं हा उन्हापासून वाचण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय. त्याला एक रुपया लागत नाही. पण तो सगळ्यात महाग पडतो, कारण त्यासाठी घरातल्या चार माणसांच्या सोयीला धक्का लागतो. म्हणून आपण क्रीम विकत आणून देतो. क्रीमला कुणाचा विरोध नसतो.

माझं म्हणणं असं की, ज्या घरात तान्हं बाळ आहे त्या घरात उन्हाळ्यात निघण्याची वेळ बाळाच्या आईने ठरवावी आणि बाकीच्यांनी ती पाळावी. चर्चा करावी, सल्ले द्यावेत, पण शेवटचा शब्द तिचा. बाळाला किती वाजता जाग येते, कधी पितं, कधी चिडतं, हे तिला ठाऊक असतं. रात्रभर तीच जागलेली असते. आणि काही बिघडलं तर "आईचं लक्ष नव्हतं" हे वाक्यही तिच्याच वाट्याला येणार असतं. जबाबदारी तिची तर वेळही तिची. पहाटे पाचला निघून नऊच्या आत पोचायचं, नाहीतर सहानंतर निघायचं. रात्री निघणार असाल तर गाडी चालवणाऱ्याची झोप झालेली असली पाहिजे, हीसुद्धा अट तिनेच घालावी. लांबचं असेल तर रातराणी आहे, रात्रीची रेल्वे आहे. दुपारी बाहेर राहावंच लागलं तर अकरा ते चार कुठल्यातरी भक्कम छपराखाली काढायचे आणि मग पुढे जायचं. आणि समारंभाला नाही पोचलं बाळ, तर नाही पोचलं. अहेर नंतर देता येतो.

याचा अर्थ बाळ-बाळंतिणीला घरात कोंडा असा कुणी काढू नये. तिला बाहेर पडायला मिळालंच पाहिजे, उलट तिच्या मनासाठी ते फार गरजेचं असतं. सकाळचं कोवळं ऊन तर बाळालाही खुशाल दाखवा. फक्त त्यावरच ड जीवनसत्त्वाची भिस्त ठेवू नका. त्यासाठी पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं गाडीवाल्यांचं झालं. बरोबर आहे. महाराष्ट्रातली असंख्य बाळं दुचाकीवरून जातात. पुढे बाबा, मागे एका बाजूला पाय सोडून आई, मधे ओढणीत बाळ. चालत्या गाडीवर वारा लागतो म्हणून बरं वाटतं, पण ४३ अंशांचा वारा म्हणजे लूच. घाम न येणाऱ्या जिवाला तो गार करत नाही, आणखी तापवतो. शिवाय पडण्याची भीती आहे ती वेगळीच. दुचाकीवरच्या मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून हेल्मेट आणि पट्ट्याचा जो नियम लागू झाला तोही नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलांना. त्याहून लहान बाळ दुचाकीवर नसावंच. तेवढ्यापुरती रिक्षा करा, दुसरीकडे दोन पैसे वाचवा.

आणि ज्यांना रिक्षाही परवडत नाही, वेळही निवडता येत नाही, त्यांचं काय? बीडकडची ऊसतोड कामगार बाई मार्च-एप्रिलपर्यंत फडात असते. तिचं बाळ बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत असतं. तिला "अकरा ते चार घरात बसा" सांगणारी मी कोण? पण तिच्या बाबतीतही मुद्दा तोच राहतो. तिचं वेळापत्रक मुकादमाच्या हातात आहे, कारखान्याच्या हातात आहे. सावली ही तिने आणायची वस्तू नाही, ती तिला द्यायला हवी. पाळणाघर हवं, फडाशेजारी छप्पर हवं. तसंच रस्त्यांचं. रस्ते रुंद करताना आपण दुतर्फाचे वड आणि चिंचा पाडल्या आणि त्या जागी पत्र्याचे बसथांबे उभे केले, जे दुपारी तव्यासारखे तापतात. २०२० साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड वाचवायला महामार्गाची आखणी बदलायचं ठरलं, तेव्हा काही लोकांना ते भाबडेपणाचं वाटलं होतं. त्या वडाखाली बाळाला घेऊन थांबलेल्या बाईला ते तसं वाटलं नसतं.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण मतं बाजूला ठेवून ही लक्षात राहायला हवी. प्रवासात बाळ नेहमीपेक्षा मलूल वाटलं, पिईना झालं, पाच-सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, अंग तापलं, टाळू खोल गेली, किंवा उलटं अखंड चिडचिड करायला लागलं, तर पुढच्या गावाची वाट बघायची नाही. सावलीत न्यायचं, कपडे काढायचे, साध्या पाण्याने अंग पुसायचं, वारा घालायचा, पाजायचा प्रयत्न करायचा. बर्फ नको. आणि लगेच दवाखाना. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ च्या वर ताप म्हणजे थांबायचंच नाही. झटका आला किंवा बाळ उठेना तर १०८ ला फोन. हे आईला माहीत असून भागत नाही. गाडी चालवणाऱ्यालाही माहीत हवं, कारण गाडी थांबवायची त्याने असते.

तेव्हा यंदा कुणाकडे तान्हं बाळ असेल आणि गावी जायचा बेत होत असेल, तर घरातल्या मोठ्यांनी एवढंच करावं. बॅगा भरण्याआधी सुनेला किंवा लेकीला विचारावं, "किती वाजता निघूया गं?" आणि ती जे सांगेल त्या वेळेचा गजर लावून झोपावं.